सायकल मार्ग आणि पदपथ: पाचपैकी तीन तारे

आईला रोज व्हीलचेअरवरून फिरायला नेते, म्हणून सरकारी निधीतल्या या मार्गाची मी आतुरतेने वाट पाहिली. झालेला भाग उत्तम आहे: रुंद, सपाट, रॅम्पचा उतार १:१२, म्हणजे बारा फुटांत एक फूट चढ, त्यामुळे ढकलताना दम लागत नाही. मधला चौक मात्र तसाच. खांब हलवायला वीज विभागाची परवानगी, वळणाला वाहतूक पोलिसांची, झाडाला वृक्ष विभागाची. एक मिळेपर्यंत दुसरीची मुदत संपते. आर्थिक वर्ष सरलं की न वापरलेला निधी परत, निविदा पुन्हा पहिल्यापासून. अभियंता मनापासून धडपडतोय, हेही सांगायला हवं. पण सही त्याच्या हातात नाही. तोवर त्या चौकात आम्हाला भर वाहतुकीत उतरावं लागतं आणि आई माझा हात घट्ट धरते.