कूलंट पिणारी सेकंडहँड हॅचबॅक: काही महिन्यांच्या वापरानंतर ठेवावी की काढावी?

१.२ लिटर पेट्रोल, चार सिलेंडर, मॅन्युअल गिअर, लाखाच्या वर किलोमीटर झालेली गाडी. मायलेज आणि पिकअपवर भरपूर लिहून झालंय, म्हणून ते सोडतो. या गाडीचं दुखणं एकच: कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) कमी होतं, खाली थेंब दिसत नाही, आणि गर्दीत अडकली की इंजिन तापतं.

सगळ्यात जास्त राग आहे तो टेम्परेचरच्या काट्यावर. बऱ्याच गाड्यांत हा काटा मुद्दाम संथ केलेला असतो. पाण्याचं तापमान ८० असो की १००, काटा मधोमध. तो हलायला लागतो तोवर उशीर झालेला असतो. त्याहून घातक म्हणजे कूलंटची पातळी सेन्सरच्या खाली गेली की सेन्सर वाफेत किंवा हवेत उघडा पडतो, आणि इंजिन उकळत असताना काटा उलट खाली येऊ शकतो. ज्या उपकरणावर विसंबून चालवायचं तेच ऐनवेळी दगा देतं. म्हणून जुनी गाडी घेतली की पहिला खर्च साध्या ओबीडी रीडरचा (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून सेन्सरचे आकडे दाखवणाऱ्या उपकरणाचा) करावा. त्यात खरा आकडा दिसतो. थर्मोस्टॅट (कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देणारी झडप) साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो आणि फॅन बहुतेक गाड्यांत ९५ ते १०० च्या आसपास सुरू होतो. आकडा ११० च्या पुढे चढतच राहिला तर बाजूला घेऊन इंजिन बंद. रेडिएटरचं झाकण मात्र गार होईपर्यंत उघडायचं नाही.

आकडा कधी चढतो, यावरूनही बरंच कळतं. उभी असताना तापते आणि पळायला लागली की गार होते, तर फॅन, त्याचा रिले किंवा फ्यूज बघा. पळताना तापते, तर रेडिएटर चोक, थर्मोस्टॅट अर्धवट उघडणारा, पंप कमजोर, नाहीतर हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्या मधलं सील).

गॅरेजचा पहिला निकाल होता: ‘हेड गॅस्केट गेलंय, इंजिन काम निघेल, त्यापेक्षा विकून टाका.’ गाडीचं वय बघता ते पटण्यासारखंच होतं, आणि तेव्हा माझंही मत विकण्याकडेच झुकलं होतं. पण हा निकाल कुठलीही चाचणी न करता दिलेला. चाचण्या झाल्या आणि मत फिरलं.

पहिली प्रेशर टेस्ट. इंजिन पूर्ण गार हवं. रेडिएटरचं झाकण काढून तिथे हातपंप लावायचा आणि झाकणावर छापलेल्या दाबापर्यंत (बहुधा ०.९ किंवा १.१ बार) हवा भरून पंधरा मिनिटं थांबायचं. दाब उतरला आणि बाहेर ओल दिसली तर गळती होज, रेडिएटर किंवा पंपाची. बाहेर कोरडं असेल तर पुढच्या सीटसमोरचं पायाखालचं कार्पेट दाबून बघा; ओलं आणि गोडसर वासाचं असलं तर हीटर कोअर (हीटरचा छोटा रेडिएटर). तिथेही काही नसेल तरच संशय सिलेंडरवर.

झाकणही त्याच पंपावर तपासून घ्या. निम्मं पाणी आणि निम्मं कूलंट हे मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळतं. १ बार दाबाखाली तेच १२५ च्या पुढे जातं. झाकणाची स्प्रिंग सैल पडली की ही सगळी सवलत जाते. सगळ्यात स्वस्त पार्ट, आणि त्यापायी हेड वाकतं.

दुसरी चाचणी निळ्या रसायनाची. चालू इंजिनच्या रेडिएटरमधली हवा त्यातून ओढतात. जळालेला वायू आला तर पेट्रोल गाडीत रंग पिवळा होतो. इथे निळा तो निळाच राहिला. कॉम्प्रेशनही (सिलेंडरमध्ये तयार होणारा दाब) चारही सिलेंडरांत जवळपास सारखं. शेजारशेजारचे दोन कमी निघाले असते तर मधलं गॅस्केट गेलं म्हणता आलं असतं. ऑइल फिलर कॅपखालची पांढरट साय हा गॅस्केट गेल्याचा एकटा पुरावा धरू नका. जवळजवळच्या फेऱ्यांत इंजिन नीट तापत नाही आणि नुसत्या दमटपणानेही ती जमते.

खरी गळती निघाली रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीच्या गळ्याशी. केसाएवढी चीर, गरम झाल्यावरच उघडणारी. पाझरलेलं कूलंट तिथल्या तिथे वाळून जायचं, म्हणून खाली डबकं कधीच नाही. फक्त टाकीवर हिरवट पांढरा थर. शिवाय वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून ओघळ, म्हणजे आतलं सील संपलेलं.

मग रेडिएटर, झाकण, थर्मोस्टॅट, वरचा आणि खालचा होज, क्लॅम्प, आणि वॉटर पंपासोबत टायमिंग बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा पार्ट). या इंजिनात पंप बेल्टच्या मागे असतो, मजुरी एकदाच पडते. पंप बदलून जुना बेल्ट परत चढवू देऊ नका. गळती बुजवणारी पावडरही टाकू देऊ नका, ती हीटर कोअरच्या बारीक नळ्या बंद करते. भरताना हीटर फुल गरमवर, इंजिन आयडलवर, फॅन दोनदा सुरू होऊन बंद पडेपर्यंत हवा काढायची. दुसऱ्या दिवशी गार असताना पातळी परत बघायची.

हिशेब करताना दुरुस्तीचं बिल गाडीच्या बाजारभावाशी लावतात, ते मला साफ चुकीचं वाटतं. बिलाला पुढे गाडी जितके महिने चालेल त्याने भागा आणि दुसऱ्या गाडीचा हप्ता, विमा, ट्रान्सफर, घसारा यांच्या महिन्याच्या बेरजेशी तुलना करा. टायर, बॅटरी, ब्रेक पॅड यात धरू नका. ते कुठल्याही गाडीला लागतात. दुसऱ्या जुन्या गाडीचा बेल्ट आणि पंप कधी बदलला, हेही बहुतेक वेळा कोणी सांगत नाही. गंजाचा हिशेब मात्र वेगळा. दाराखालची पट्टी, सबफ्रेम किंवा शॉकअपची वरची बैठक कुजली असेल तर कूलंटवर एक पैसाही घालू नका.

सध्या पातळी खुणेवर टिकून आहे आणि गर्दीतही आकडा शंभरच्या पुढे जात नाही, म्हणून गाडी ठेवली आहे. पुढे कधी रसायन पिवळं झालं, तर हेड उतरवून सपाटी तपासायची. ०.०५ मिलिमीटरच्या वर फट निघाली तर फेसिंग (घासून सपाट करणं), चिरेसाठी प्रेशर टेस्ट आणि नवे हेड बोल्ट. यातलं काही न करता नुसतं गॅस्केट बदलून देतो म्हणणाऱ्याकडे हेड उघडायला देणार नाही. त्यापेक्षा दोष सांगून गाडी विकेन.