आठ महिने इंटरफेसला शिव्या घातल्या, चोर मास्टरवर बसला होता

आधीच सांगतो, या इंटरफेसचा (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा) आवाज क्लीन आहे, प्रीअँपला खोट नाही, बाकी स्पेक्स बॉक्सवर वाचा. मी लिहितोय ते फक्त लेटन्सीबद्दल, म्हणजे हेडफोनमध्ये आवाज उशिरा येतो त्याबद्दल, कारण आठ महिने तिनंच डोकं खाल्लंय.

आमचं घर गोव्यात फोंड्याकडे. चवथीच्या आरत्या रेकॉर्ड करायच्या म्हणून हा दोन इनपुटवाला इंटरफेस घेतला, घुमट, शामेळ (आमच्याकडची तालवाद्यं) आणि चार गळे. गाणाऱ्याला थोडा उशीर चालून जातो, पण घुमटावर थाप मारली आणि हेडफोनमध्ये ती मागाहून आली की हात अडखळतोच. चुलतभावानं हेडफोन काढून विचारलं, "दादा, घुमट मी वाजवतोय की तुझा लॅपटॉप?"

बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचे जेवढे सँपल (बारीक तुकडे) जमवून पुढे सोडतो तो आकडा, ५१२ वरून २५६, मग १२८ केला. ४८ किलोहर्ट्झला १२८ सँपल म्हणजे जेमतेम २.७ मिलिसेकंद, एवढं कुणाच्या बापाला कळणार नाही, तरी उशीर होताच! ६४ वर गेलो तर पापड भाजल्यासारखे आवाज. ड्रायव्हर तीनदा काढून घातला, केबल बदलली. दुकानात नेला तर म्हणे पीस ओके आहे, यापेक्षा महागातला घ्या. बदलून देईनात, पंधरा दिवस फोन आणि शेवटी काउंटरवर भांडण. दोन स्टार.

इथपर्यंत गेल्या रविवारी लिहून ठेवलं होतं. आता जरा लाज वाटतेय.

मी रेकॉर्डिंग करतो त्या रीपर सॉफ्टवेअरमध्ये एफएक्सची (इफेक्ट्सची) विंडो उघडली की खाली बारीक अक्षरात सीपीयूचे टक्के आणि शेजारी सँपलचा आकडा दिसतो. आठ महिने मी तिकडे बघितलंच नाही. मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र होऊन बाहेर पडतात तिथं, फुकटातला एक लिनिअर फेज इक्यू (आवाजातले जाड-बारीक सूर कमीजास्त करणारा इफेक्ट) लावून ठेवलेला (फुकट मिळालं की लावायचं, स्वभाव), त्याचा आकडा ४०९६. म्हणजे ८५ मिलिसेकंद! तेवढ्यात आवाज २९ मीटर जातो, घुमट मांडीवर आणि ऐकू येतंय मंगेशीच्या दीपस्तंभापलीकडून. फेज हलू नये म्हणून हा इक्यू पुढचा आवाज जमेपर्यंत थांबतो, मग तुम्ही बफर कितीही कमी करा. मिक्स करताना कळत नाही कारण सगळेच ट्रॅक मास्टरमधून सारखेच उशिरा जातात, आणि एखाद्याच ट्रॅकवर लावला असता तर रीपरनं बाकीचे तेवढेच मागे ओढून जुळवून दिले असते, म्हणजे तेव्हाही कळलं नसतं. सापडतो तो फक्त माइकसमोर बसलेला माणूस.

इक्यू काढला, त्याच बफरवर थाप जागच्या जागी. लुकअहेडवाला लिमिटरपण (पुढचा आवाज आधी बघून मोठा असेल तर दाबणारा) तसलाच, तो आता रेकॉर्डिंग संपल्यावरच लावतो. आणि इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरचं बटण मी शोभेचं समजत होतो, ते दाबलं की माइकचा आवाज लॅपटॉपला न विचारता सरळ हेडफोनमध्ये येतो, फक्त रीपरमधलं मॉनिटरिंग बंद करायचं नाहीतर डबल ऐकू येतं. पण बटणावर नुसतं टिंब छापलंय हो, शब्द लिहायला काय शाई महाग होती? या टिंबाचा एक स्टार कापला, बाकी चार.

दुकानदाराला सॉरी म्हणणार नाही. त्याचं ऐकून महागातला आणला असता तरी मास्टरवर हाच इक्यू बसला असता.