नऊ महिन्यांचा बालनाट्य वर्ग : माझी सगळी तक्रार एका रेकॉर्डिंगची

डिसेंबरच्या प्रयोगात दुसरा प्रवेश सुरू झाला आणि स्पीकरमधला आवाज बंद पडला. रंगमंचावर अठरा मुलं. राजा हात वर करून उभा, प्रधान अर्धवट वाकलेला, सगळ्यांची तोंडं उघडी आणि सभागृह चिडीचूप. तेव्हा मला कळलं, इतका वेळ मुलं बोलतच नव्हती. आधी रेकॉर्ड केलेल्या संवादांवर ओठ हलवत होती. नोव्हेंबरात लेकीला स्टुडिओत नेलं होतं, ते गाण्यांसाठी असेल असं मी धरून चालले होते.

माझी मुलगी नऊ वर्षांची. बाकीची मुलं विंगेकडे बघत राहिली, तेव्हा तिनं आपलं वाक्य स्वतःच्या आवाजात म्हटलं. मी सातव्या रांगेत होते. मला फक्त तिचे ओठ दिसले. मग रेकॉर्डिंग दोन वाक्यं पुढून सुरू झालं आणि पोरं धावाधाव करत त्याला गाठायला लागली. घरी येताना ती रिक्षात रडली. "आई, मी म्हटलं होतं गं," एवढंच परत परत सांगत होती.

संस्थेचं नाव लिहीत नाही. वेळा, वयोगट, पत्ता सांगलीतल्या पालकांना ठाऊकच आहेत. हिशेब मात्र मांडते, कारण माझा निम्मा राग त्यातून आला. तीन सत्रं, प्रत्येकी ३,६०० रुपये. वेशभूषेचं भाडं ४५०, त्यावर अनामत ३००. शिवाय प्रत्येक पालकानं १२० रुपयांची १० तिकिटं खपवायची. माझी सहा खपली, चार अंगावर पडली. आमच्या घरात एवढे पैसे सहज निघत नाहीत. मुलीनं चार माणसांत उभं राहून बोलावं म्हणून ते काढले, आणि तिथं बोलायचंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी जाऊन भांडले. सरांचं म्हणणं असं : छोट्यांचा आवाज मागच्या रांगांपर्यंत जात नाही, पालकच तक्रार करतात. वर टांगलेले माइक संवादाच्या आधी पावलांचा धपधप आवाज पकडतात. अठरा मुलांना कॉलर माइक भाड्यानं घेणं परवडत नाही. आणि रेकॉर्डिंग असलं की कुणी वाक्य विसरत नाही. या शेवटच्या कारणानं माझं डोकं जास्त फिरलं. वाक्य विसरणं, अडखळणं, सोबत्यानं सांभाळून घेणं, यासाठीच तर मूल नाटकात घालतात. ज्या गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभं केलं, जिथं सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं प्रसंग ओळखून आयत्या वेळी बोलायची, त्या गावात पोरांना ओठ हलवायला शिकवायचं? मी सातवीत असताना राज्य बालनाट्य स्पर्धेत झाडाचं काम केलं होतं. चारच वाक्यं होती. ती आजही मला पाठ आहेत, कारण ती मी म्हटली होती.

हंगामभराची बालनाटकं बघायचा पासही घेतला होता, त्याबद्दल थोडक्यात. पाच नाटकं, ५०० रुपये, पैसे वसूल. दोन राजा-राक्षसाची होती, चकचकीत आणि लांबलेली. एक कठपुतळ्यांचं, ते सहा वर्षांच्या भाच्याला फार आवडलं. सगळ्यांत चांगलं होतं ते ग्रिप्सच्या वळणाचं, ज्यात मोठी माणसं मुलांची कामं करतात आणि गोष्ट घरातली, शाळेतली असते. बर्लिनची ही पद्धत डॉ. मोहन आगाशे यांच्यामुळे पुण्यात आली आणि थिएटर अकादमीनं १९८६ पासून मराठीत रुजवली. भाच्यानं सुरुवातीला विचारलं, "हा काका चड्डी घालून का आलाय?" पाच मिनिटांनी त्याच काकाला "सांग ना तुझ्या बाबांना!" असं तो खुर्चीवर उभं राहून ओरडत होता. आईबाप भांडतात तेव्हा मुलांना काय वाटतं, हे त्या नाटकानं आम्हां मोठ्यांना ऐकवलं. रत्नाकर मतकरी आणि सुधा करमरकर यांनी आपल्याकडे बालनाट्य उभं केलं त्याला साठ वर्षं होऊन गेली. राक्षस आणि चेटकीण मुलांना हवेतच, पण हेही हवं.

इथवर जानेवारीत लिहून ठेवलं होतं आणि शेवटी "फी भरू नका" असं वाक्य होतं. ते आता खोडलं आहे. आज मार्चचा दुसरा आठवडा.

भांडणानंतर शिकवणाऱ्या ताईंचा फोन आला. त्यांनाही रेकॉर्डिंग नको होतं. त्या म्हणाल्या, फेब्रुवारीच्या नाटकात फक्त गाणी रेकॉर्ड ठेवू, संवाद मुलं बोलतील. पण मला तालमीला नाट्यगृह हवं, वर्गाच्या खोलीत आवाजाचा अंदाज येत नाही. आम्ही अकरा पालकांनी मिळून दोन सकाळचं भाडं भरलं. हा खर्च संस्थेनं करायला हवा होता, हे माझं मत कायम आहे.

त्या दोन सकाळी मी बसून पाहिल्या, आणि ताई काय शिकवतात ते मला तेव्हाच नीट कळलं. एक मूल रंगमंचावर, बाकीची शेवटच्या रांगेत. ऐकू आलं नाही तर मागच्यांनी हात वर करायचा. ओरडायचं नाही, पोटातून श्वास घ्यायचा, वाक्याचा शेवटचा शब्द गिळायचा नाही, प्रेक्षकांकडे पाठ करून बोलायचं नाही. माझी लेक प्रत्येक वाक्याचा शेवट खायची. तिसऱ्या फेरीत मागचे हात खाली राहिले. तिचा तेव्हाचा चेहरा पाहून माझे डोळे भरून आले.

फेब्रुवारीचा प्रयोग डिसेंबरइतका सफाईदार नव्हता. पुढच्या कडेला तीन माइक होते, त्यांतला एक मध्येच शिट्टी मारायचा. सासूबाई मागे बसल्या होत्या, त्यांना बरंचसं ऐकू आलं नाही. सरांचं तेवढं म्हणणं खरं होतं, हे मी त्यांना जाऊन सांगितलं. पण शिपायाचं काम करणारा मुलगा वाक्य विसरला तेव्हा विंगेतून प्रॉम्प्टिंग यायच्या आत समोरची मुलगी म्हणाली, "अरे, तू पळत आलास, दम खा आधी." ते संहितेत नव्हतं. त्यानं खरोखर दम खाल्ला आणि वाक्य आठवलं. सभागृहात टाळ्या पडल्या, त्या त्या दोघांच्या होत्या.

पुढच्या सत्राची फी भरली आहे. भरताना पावतीमागे "संवाद मुलं स्वतः बोलतील" असं लिहून सही घेतली, तुम्हीही घ्या. तिकिटांची सक्ती दहावरून पाचावर आणली आहे, हे त्यांनी चांगलं केलं. वेशभूषेच्या अनामतीचे ३०० मात्र डिसेंबरपासून अडकले आहेत. मुकुटाचा एक मणी तुटला म्हणतात. मुकुट राजाचा होता, माझी मुलगी माळीण होती. हे मी दोनदा सांगितलं आहे, शनिवारी तिसऱ्यांदा सांगणार आहे.