वाळवीची ट्रीटमेंट: काम नीट, वेळेच्या नावाने बोंब

कोथरूडला जुन्या सोसायटीत तळमजल्यावर राहतो त्यामुळे वाळवीचं काही नवल नाही, पण यावेळी बेडरूमच्या दाराची चौकट खालून ठोकली की पोकळ वाजायला लागली आणि पेचकस टेकवला तर रंगासकट आत, म्हणून या पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलावलं. आधी दोन ठिकाणी फोन केला होता, दोघांनी घर न बघता स्क्वेअर फुटावर रेट सांगितला, एकजण तर म्हणे स्प्रे मारतो, अर्ध्या तासात मोकळे. यांचा माणूस टॉर्च घेऊन आधी नुसता बघायला आला, सिंकखालचं कपाट, माळा, खिडक्या, सगळं. आई म्हणाली हा औषध मारायला आलाय की फ्लॅट घ्यायला!

मला पटलं ते हे, की दोन वेगळ्या किडींना एकाच मापाने मोजलं नाही. बॉक्स बेडखाली पावडर पडत होती, घरात सगळे तिलाही वाळवीच म्हणत होते. त्याने बोटावर घेऊन दाखवली, मैद्यासारखी मऊ, आणि प्लायवर टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं. हा बोरर, म्हणजे लाकूड पोखरणारा किडा, लाकडातल्या स्टार्चवर जगतो, जमिनीतून येत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी फरशी ड्रिल करणं म्हणजे पैसे पाण्यात. आपल्याकडची जमिनीतली वाळवी अशी पावडर टाकत नाही, ती मातीची नळी करत भिंतीवरून चढते. चौकटीमागची नळी त्याने मधेच थोडी फोडली आणि म्हणाला दोन-चार दिवस हात लावू नका. बघितलं तर ओल्या मातीने परत बुजवलेली, म्हणजे आत वाळवी चालू आहे. (नाही बुजवली तरी निर्धास्त होऊ नका, दुसरीकडून वाट काढते.)

त्याच भिंतीपलीकडे बाथरूम, तिथे पाणी मुरतंय हे पण त्यानेच काढलं आणि आधी प्लंबर आणा मग औषध, असं म्हणून स्वतःचंच काम पुढे ढकललं. असं कोण करतं हल्ली.

ट्रीटमेंट म्हणजे भिंत आणि फरशी मिळते तिथे साधारण फुटाफुटावर १२ मिमीची भोकं पाडून आत औषध. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्केवालं, लिटरला २.१ मिली, डोळ्यासमोर मापाने घातलं, मी लेबल वाचून ताडून बघितलं. क्लोरपायरीफॉस या वाळवीच्या दुसऱ्या औषधासारखा डोकं उठवणारा वास नाही. वाळवीला याचा पत्ता लागत नाही, ती त्यातूनच ये-जा करते आणि बाकीच्यांनाही लावते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी रिझल्ट शोधू नका. बेडला मात्र सिरिंजने भोकाभोकात आणि मागच्या कच्च्या बाजूला ब्रशने, कारण पॉलिशवरून मारलेलं आत मुरत नाही. आतल्या अळ्या राहिल्या तर पुढे नवीन भोकं दिसतील तेव्हा फोन करा, असं सरळ सांगितलं, गॅरंटीच्या बाता नाहीत.

आणि ते आजीचं सदाशिव पेठेतल्या वाड्यातलं सागवानी कपाट त्याच भिंतीला टेकून होतं, त्याची फक्त मागच्या फळीची पांढरट कड खाल्लेली, बाकी ठणठणीत. सागाचा आतला गडद भाग वाळवीला सहसा झेपत नाही, बाहेरचा पांढरट भाग मात्र ती आरामात खाते. सागवानाला काही होत नाही म्हणणाऱ्या आमच्या सोसायटीतल्या काकांनी हे वाचावं.

आता तक्रारी. दहाची वेळ देऊन साडेबाराला उगवले, फोन उचलला नाही. ड्रिलिंगची धूळ स्वयंपाकघरातल्या डब्यांपर्यंत, आपणच सगळं झाकून ठेवा. भोकं व्हाइट सिमेंटने बुजवली, आमची फरशी शहाबादी, आता लांबून ठिपके दिसतात, जरा रंग मिसळायला काय जात होतं? रेटही फोनवाल्यांच्या जवळपास दीडपट. वाळवीच्या कामाला पाच वर्षांची वॉरंटी आहे पण दरवर्षी चेकिंग करून घेतलं तरच, हे मागच्या बाजूला बारीक अक्षरात.

चार स्टार. बिलावर नुसतं टर्माइट ट्रीटमेंट लिहून देतात, औषधाचं नाव आणि प्रमाण लिहून मागा, मागितलं की देतात. आणि पहिला पाऊस पडून ट्यूबभोवती पंखवाले किडे (ही वाळवीच) फिरायला लागले की यांच्याकडे वेटिंग सुरू होतं, तेव्हा मे मध्येच नंबर लावा.