सूर्यावर नजर ठेवायची तर नोआची साइट: एका हॅमवाल्याचं मत

भर दुपारी २० मीटरच्या रेडिओपट्ट्यावर गप्पा रंगलेल्या असतात आणि बघता बघता सगळे आवाज बुडतात. नवा हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, अशा वेळी अँटेनाची केबल हलवून बघतो. मी आधी नोआच्या, म्हणजे अमेरिकेच्या सागर-वातावरण संस्थेच्या, अवकाश हवामान केंद्राची साइट उघडतो. अमेरिकेतल्या बोल्डरहून चालणारी ही सेवा मोफत आहे, लॉगिनचीही भानगड नाही.

तिथे नोआच्या गोज उपग्रहांनी मोजलेल्या सूर्याच्या क्ष-किरणांचा आलेख मिनिटागणिक सरकत असतो. सौरज्वालेची, म्हणजे सूर्यावरच्या स्फोटाची, तीव्रता एम१ ला पोचली की रेडिओ अडथळ्याची पातळी आर१, त्याहून तीव्र एक्स१ ला आर३. क्ष-किरण आठेक मिनिटांत पृथ्वीवर येतात, म्हणजे रेषा उभी चढलेली दिसते तोवर आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा, डी थर आमचे सिग्नल गिळू लागलेला असतो. मग डी-रॅपचा, म्हणजे हा थर कुठे किती सिग्नल गिळतोय ते दाखवणारा, नकाशा बघायचा. ऊन असलेल्या अर्ध्या पृथ्वीवर रंगाचा मोठा डाग पडलेला असतो; तो हिंदी महासागरावर असेल तर केबलला हात लावायचं कारण नाही. ४० मीटर आधी जातो आणि शेवटी परततो, १० मीटर लवकर सावरतो. एवढं कामाचं पान अख्ख्या साइटवर दुसरं नाही.

चुंबकीय वादळाचं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातल्या खळबळीचं, गणित वेगळं. सूर्याने फेकलेला भारित कणांचा ढग यायला बहुधा एक ते तीन दिवस घेतो, पण त्याचा जोर नेमका कळतो तो पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किलोमीटरवरच्या एल१ बिंदूपाशी असलेल्या यानांकडून, आणि तिथून हाती उरतो जेमतेम पाऊण-एक तास, कधी त्याहून कमी. मे २०२४ मध्ये केंद्राने आधी जी४ चा इशारा दिला होता (जी१ ते जी५ या वादळाच्या पातळ्या). आलं जी५, ऑक्टोबर २००३ नंतरचं पहिलं. लडाखात हानलेहून आकाश लाल दिसलं ते त्याच वेळी. मला हा अंदाज चुकला असं वाटत नाही. एवढ्या आधी एवढं सांगता येणं हीच मोठी गोष्ट आहे.

केपी अंकावर, म्हणजे चुंबकीय खळबळीच्या ० ते ९ मापावर, मात्र आपण फार विसंबू नये. तो मुख्यतः आपल्याहून बऱ्याच वरच्या, मध्यम अक्षांशांवरच्या केंद्रांतून काढतात, आपल्या भागाचं चित्र त्यात पुरतं उतरत नाही.

साइटवरच्या वेळा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असतात, आपल्या वेळेसाठी साडेपाच तास मिळवायचे. रोजचं अंदाजाचं टिपण आपल्याकडे सकाळी आणि संध्याकाळी ६ वाजता येतं. नवख्यांनी आलेखांआधी तेच वाचावं: सूर्यावरचा कोणता डागसमूह गुंतागुंतीचा होतोय, कुठला ढग पृथ्वीकडे निघालाय, हे तिथे माणसाने कारणांसकट लिहिलेलं असतं.