रत्नागिरीत घर घेताना: फक्त घेणाऱ्याच्या बाजूची एजंट

निवृत्तीनंतर डोंबिवली सोडून रत्नागिरीजवळ अंगणाचं घर घ्यायचं, हे आमचं कधीचं ठरलेलं. कोकणात एजंट मिळायला वेळ लागत नाही. टपरीवर विषय काढला की दोघे पुढे येतात. पण बहुतेकांची दलाली दोन्हीकडून असते, शिवाय सौदा झाला तरच मिळते. मग सौदा मोडेल असं काही ते आपण होऊन कशाला सांगतील? पावस रस्त्याला एक घर दाखवणारे गृहस्थ "टोकन आजच द्या, उद्या मुंबईची पार्टी येतेय" म्हणून मागे लागले, आणि सातबारा मागितला तर मोबाइलवर अर्धवट फोटो दाखवला. तिथून आम्ही निघालो.

नंतर ज्या ताई मिळाल्या त्यांच्याबद्दल हे लिहिते आहे. पहिल्याच भेटीत त्यांनी कागदावर लिहून दिलं: शोधकामाची ठरावीक रक्कम, घर पसंत पडो न पडो, दस्त झाला तर किमतीवर एक टक्का, मालकाकडून काहीही नाही. ती ठरावीक रक्कम सुरुवातीला मला खटकली, पण तिच्यामुळेच त्या "नको" म्हणायला मोकळ्या राहतात.

त्यांचा पहिला प्रश्न बजेटचा नव्हताच. "काकू, तुमच्यापैकी कुणाच्या नावावर शेतजमीन आहे?" नव्हती. म्हणजे कुळकायद्याच्या (कसणाऱ्या कुळांना जमिनीचे हक्क देणाऱ्या कायद्याच्या) कलम 63 मुळे शेतजमीन आम्हाला परवानगीशिवाय घेता येणार नाही, तेव्हा बिनशेती भूखंडावरचंच घर बघायचं. किती दलालांनी आम्हाला आंब्याच्या बागेतली घरं दाखवली होती!

तरीही गोळपकडच्या एका घरावर आमचा जीव जडला. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पडवीत झोपाळा, मागे माड. मालकाने घरपट्टीची पावती आणि ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा पुढे केला. ताई म्हणाल्या, "हा कर वसुलीचा कागद आहे, मालकीचा नाही." मग त्यांनी डिजिटल सहीचा सातबारा काढून टेबलावर पसरला आणि 'इतर हक्क' या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे बारीक अक्षरात होतं: कुळकायदा कलम 43 च्या बंधनास पात्र. म्हणजे ही कुळाला मिळालेली जमीन, विकायला पूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागायची. 2014 च्या दुरुस्तीनंतर, खरेदीच्या दाखल्याला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, 40 पट नजराणा सरकारला भरून विकता येते, पण घेणारा शेतकरी हवा. म्हणजे आम्हाला तिथेही परवानगी लागली असती. त्याहून मोठी अडचण वरच्या नावांत होती. खातं सामाईक, त्यातले दोघे वारलेले आणि त्यांच्या वारसांची नोंदच नाही. ताईंनी जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलाच्या नोंदी, एकेक करून आम्हाला समजावले आणि म्हणाल्या, "घर छान आहे, पण तुम्ही घेऊ नका. वारस कधीही दारात उभे राहतील." मी त्या दिवशी रडले, खोटं कशाला सांगू. पण एक टक्का हातचा जात असताना हे तोंडावर सांगणारं माणूस मला डोंबिवलीतही भेटलेलं नाही.

शेवटी शिरगावच्या बाजूला घर मिळालं. ताईंचा नियमच आहे, विहीर मे महिन्यात बघायची आणि छप्पर जुलैत. त्यामुळे मेमध्ये विहिरीचा तळ बघितला, आणि कोसळत्या पावसात पुन्हा जाऊन वाशांना वाळवी आहे का, भिंतीला ओल कुठवर चढते, ते पाहिलं. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (जुन्या दस्तांच्या नोंदींची तपासणी) वकिलांकडून घेतला. वकील त्यांनी सुचवला नाही, तुमचा तुम्ही नेमा म्हणाल्या. समुद्राजवळच्या घरांबद्दलही त्या स्पष्ट बोलतात: सीआरझेडचा (किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं असलेल्या पट्ट्याचा) नकाशा आधी बघा, आणि मिऱ्याला लाटांनी किनारा कसा खाल्लाय तेही जाऊन बघा.

महारेराची, म्हणजे राज्याच्या घरबांधणी व्यवहारांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाची, नोंदणी त्यांच्याकडे आहे. कायद्याने ती नोंदणीकृत प्रकल्पातली घरं विकणाऱ्या एजंटांना लागते, जुन्या स्वतंत्र घराच्या व्यवहाराला नाही. पण 2023 पासून महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली आहे, आणि ताईंनी ती दिलेली आहे. नवीन इमारतीत फ्लॅट घेणाऱ्यांनी एजंटाचा नोंदणी क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर तपासावाच. करारनामा नोंदण्याआधी बिल्डर दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागू शकत नाही, हेही मला ताईंकडूनच कळलं.

उणिवाही सांगते. फोन लगेच उचलत नाहीत, संध्याकाळी उलट फोन येतो. भाव पाडण्यात फार तरबेज नाहीत; मालकाशी घासाघीस माझ्या यजमानांनीच केली. आणि दस्त झाल्यावर डागडुजीसाठी गवंडी, सुतार त्या मिळवून देत नाहीत. कौलं शाकारायला माणूस आम्ही अजून शोधतो आहोत.