बिडाचं जुनं बाक दुरुस्त करायचंय? जालन्याला न्या
आमच्या चौकातल्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, बाकाचा पाय तडकला होता. गावात साध्या रॉडनं वेल्डिंग केलं, तर शेजारीच नवी चीर पडली. जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका ओतशाळेत मात्र मिस्त्रींनी आधी पाय तापवला, निकेलच्या रॉडनं थोडं थोडं सांधलं आणि राखेत झाकून रात्रभर निवू दिलं. बीड घाईनं थंड झालं की तडकतंच. नक्षीतलं तुटलेलं पान नव्यानं ओतलं. निवताना बीड सुमारे १ टक्का आकसतं, म्हणून लाकडी नमुना तेवढा मोठा केला. गंज तारेच्या ब्रशनं काढला, त्यामुळे पानांची शीर न् शीर शाबूत आहे! मग रेड ऑक्साइड, वर हिरवा रंग. तो जरा जास्तच चकचकीत झालाय, तेवढं आधी बजावून सांगा.